सीमाभागाचे फोटो काढतो, पण फोटोत सीमा दिसत नाही

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं, वाढलात मात्र पुण्यात. आजोबा १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावायचे, सीमालढ्याच्या गोष्टी सांगायचे. आता तुम्हाला सीमाभागावर निसर्गदृश्यांची एक मालिका करायची आहे. दोन पावसाळे फिरलात, फोटो काढलेत आणि मित्रांनी बघून विचारलं, "मस्त! कोकण का?" म्हणून तुमचे तीन प्रश्न आहेत: सीमा फोटोत दिसावी कशी, गावाची ओढ फोटोत उतरावी कशी, आणि यासाठी ड्रोन किंवा अतिरुंद लेन्स घ्यावी का.

लेन्सचं शेवटी बघू, ते सगळ्यात सोपं आहे.

मी कोल्हापूरचा. पोटापाण्यासाठी कारखान्यांची, यंत्रांची आणि बांधकामांची छायाचित्रं काढतो. कागल-निपाणी, चंदगड-बेळगाव आणि तिकडे जत-अक्कलकोट हा पट्टा स्वतःच्या आवडीने बरीच वर्षं फिरतोय. माझा हात उघड्या रानात जास्त बसलाय, खानापूरच्या दाट जंगलात कमी. तेवढं धरून पुढचं वाचा.

तुम्ही जोडलेले फोटो पाहिले. खोट काढावी असं तांत्रिक काही नाही. अडचण अशी की तुम्ही जमिनीवर रेघ शोधताय, आणि ती तिथे कुणी मारलेलीच नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला (आजच्या कर्नाटकाला) गेला, फक्त चंदगड तालुका वगळून. म्हणजे आज चंदगडमधलं शिनोळी आणि बेळगावमधलं बाची यांच्यामध्ये जी दोन राज्यांची हद्द आहे, ती ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्रीपर्यंत एकाच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांची हद्द होती. तालुक्याच्या हद्दीला कोण कुंपण घालतं? इकडची तांबडी माती, भाताची खाचरं, काजूची झाडं तशीच पुढे तिकडे जातात. तुमचा कॅमेरा खोटं बोलत नाहीये. तिथे खरोखरच वेगळं काही नाही, आणि लोकांचं दुखणं नेमकं तेच आहे.

दुसरं म्हणजे 'सीमाभाग' हा एकच विषय धरलात तर हाती काही लागणार नाही. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी लागते. तिथली हद्द जुनी आहे: कागल कोल्हापूर संस्थानात, कोगनोळीचा चिकोडी तालुका ब्रिटिश मुलखात. जत आणि अक्कलकोट ही तर स्वतःच संस्थानं होती, तिथल्या हद्दीला त्या संस्थानांचे वेडेवाकडे कंगोरे अजून आहेत. चंदगडची हद्द १९५६ ची. आणि तुमच्या खानापूरची गोष्ट आणखी वेगळी. तालुक्याच्या पश्चिमेला मुख्यतः गोवा लागतो, महाराष्ट्राची हद्द बहुतेक गावांपासून लांब. तुमचं गाव हद्दीवर नाही, वादात आहे. हा फरक आधी डोक्यात पक्का करा, कारण त्यावर फोटो कुठे काढायचा ते ठरतं. हद्दीवरच्या गावात निदान एक जागा दाखवता येते. वादातल्या गावात अख्खं शिवार तसंच उभं असतं आणि वाद असतो तो तहसीलदार कचेरीतल्या कागदाच्या लिपीत, शाळेच्या पटावर, बसच्या पाटीवर.

महाराष्ट्राची मागणी आठवून बघा. खेडं हा घटक धरा, भौगोलिक सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा, लोकेच्छा बघा. या चार कसोट्यांवर ८६५ गावांचा दावा आहे आणि २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. उलट केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावं महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. हे सगळं तुम्हाला आजोबांकडून माहीत असणार. मी ते छायाचित्रकार म्हणून पुन्हा वाचतो. चारातल्या पहिल्या दोन कसोट्या डोळ्यांना दिसतात. गाव दिसतं, सलगता दिसते. एका गावाच्या गावठाणापासून दुसऱ्या गावाच्या देवळाच्या शिखरापर्यंत मध्ये फक्त पीक आहे, हे एका फ्रेममध्ये येतं. भाषा पाटीवर थोडीफार दिसते. लोकेच्छा अजिबात दिसत नाही. ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या फोटोत कोंबायला गेलं की माणूस झेंडे आणि पुतळे शोधायला लागतो. त्याबद्दल पुढे बोलतो.

मग दिसतं काय? माझ्या अनुभवाने, सीमा तिथे दिसते जिथे कुणाला तरी तिच्यामुळे काहीतरी वेगळं करावं लागतं. दोन कागद काढावे लागतात, बस बदलावी लागते, मोटार वेगळ्या वेळी चालू करावी लागते. त्या ठिकाणी जमिनीवर खूण उमटते. लहान असते, पण ठाम असते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. कागलच्या खालच्या अंगाला दूधगंगेच्या काठी ऊस आहे, दोन्ही तीरांना. दिवसा बघाल तर अलीकडचं आणि पलीकडचं रान ओळखू येणार नाही. तेच पान, तीच काळी माती, नदीत सोडलेले तेच मोटारीचे पाइप. पण एका तीराला वीज महावितरणची आणि दुसऱ्या तीराला कर्नाटकाच्या हेस्कॉमची. शेतीच्या थ्री-फेज लाइटच्या वेळा दोन्हीकडे आपापल्या. दोन्हीकडची लाइट कधी येते हे काठावरच्या चहाच्या टपरीवर कळतं, आणि कुठल्या आठवड्यात रात्रपाळी आहे तेही. अशा एका आठवड्यात संध्याकाळी तिवई लावून बसलो. सूर्य गेल्यावर अर्ध्या तासाने आभाळ अजून निळं होतं, तेव्हा समोरच्या काठाला एकेक बल्ब लागायला लागला. मोटारीच्या पेटीवर एक, बांधावरच्या खांबाला एक. मग उसात बॅटऱ्या हलायला लागल्या, कारण पाणी पाजायला माणसं आली होती. आमचा काठ पूर्ण काळा. आयएसओ ४००, एफ ८, पंधरा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर. बॅटऱ्यांच्या पिवळ्या रेघा उसाच्या सऱ्यांमधून सरळ गेल्या. फ्रेममध्ये झेंडा नाही, पाटी नाही, माणसाचा चेहरा नाही. खाली दोन वीज कंपन्यांची नावं लिहिली की पुरे. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की हाच फोटो उलटा मिळतो आणि दोन्ही शेजारी लावले तर कुणाच्या बाजूने बोलताय हा प्रश्नही उरत नाही.

शेजारच्या शेतकऱ्याला दोन्ही तीरांना जमीन. इकडचा सातबारा मराठीत, तिकडचा उतारा कन्नडमध्ये. मी विचारलं, त्रास होत असेल ना? ते म्हणाले, "त्रास कसला. कागद दोन ठिकाणी काढाय लागतंय, एवढंच." आणि पुढचा पाऊण तास ते फक्त उसाच्या दराबद्दल बोलत राहिले. तुम्ही जाल तेव्हा असंच होईल, तयारी ठेवा. पुण्यात बसून जी जखम आपल्याला वाटते, ती तिथे अनेकदा सवय झालेली असते. आणि कधी अगदी शांत माणूस पोराच्या शाळेच्या माध्यमावरून एकदम पेटतो. कुठे काय निघेल हे आधी सांगता येत नाही.

अशा जागा एकदा नजरेत भरल्या की भराभर सापडतात. आडवाटेवर दोन खात्यांनी केलेल्या डांबराचा सांधा. एसटी जिथून परत फिरते तिथली घासून गुळगुळीत झालेली जमीन. हद्दीच्या पहिल्या शंभर पावलांत गर्दीने उभी असलेली दारूची दुकानं किंवा पेट्रोल पंप, कारण दोन राज्यांचे कर वेगळे. रस्त्याकडेच्या अंतराच्या दगडावरची लिपी. आणि दुकानांच्या पाट्या. महाराष्ट्राने २०२२ मध्ये सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली, कर्नाटकाने २०२४ मध्ये पाटीचा ६० टक्के भाग कन्नड असावा असा कायदा केला. त्यामुळे कुठल्या पाटीवर नवा रंग आहे, कुठे जुनी अक्षरं खालून डोकावतात, हे बघत एका बाजारपेठेतून नुसतं चाललात तरी बरंच काही हाती लागेल. एक मात्र करा, पाटी फ्रेमभर घेऊ नका. पाटी मागच्या डोंगरासकट, समोरच्या चिखलासकट घ्या. नाहीतर तो पाटीचा फोटो होतो, जागेचा होत नाही.

काही वेळा ही कागदावरची हद्द अचानक खरी होते. कोरोनाच्या काळात, २०२१ मध्ये, महाराष्ट्रातून जाणाऱ्याला कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हा दोन्हीकडच्या बस काही दिवस थांबल्या. अशा दिवसांत बातमीचे छायाचित्रकार पळापळ टिपतात, ते त्यांचं काम. आपलं काम नंतर सुरू होतं. रिकामं आवार, उभ्या बसवर बसलेली धूळ, नाक्यावर बॅरिकेड ओढून ओढून रस्त्यावर पडलेले ओरखडे. गर्दी असताना जाऊ नका असं मी सांगेन. धाडसाचा मुद्दा नाही, त्या दिवशी प्रत्येक माणूस कॅमेऱ्यासाठी वागतो.

आता झेंडे आणि पुतळे. टाळा असं मी म्हणत नाही, पण ते जितकं सांगतात असं वाटतं तितकं सांगत नाहीत. राजहंसगडाचं उदाहरण घ्या. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वरचा हा गड, तिथे शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा उभारला आणि मार्च २०२३ मध्ये त्याचं लोकार्पण काही दिवसांच्या अंतराने दोनदा झालं, दोन वेगवेगळ्या पक्षांकडून. मराठी मतांवर डोळा सगळ्यांचाच. आता तुम्ही त्या पुतळ्याचा खालून वर आभाळात घुसणारा फोटो काढलात तर तो नक्की कुणाचा फोटो झाला? मी तो येळ्ळूरच्या भातशेतातून घेतो, चिखलणी चालू असताना. गड डावीकडे वर, पुतळा नखाएवढा, आणि तीन चतुर्थांश फ्रेममध्ये पाणी साचलेली खाचरं. बघणाऱ्याला तो शोधावा लागतो. महामार्गावरच्या सुवर्ण विधानसौधाचंही, म्हणजे कर्नाटकाच्या बेळगावातल्या विधिमंडळ इमारतीचंही, तसंच, हलग्याच्या शेतांतून. २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या भव्य इमारतीचे समोरून घेतलेले फोटो हजारो आहेत.

येळ्ळूरच्याच वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' अशी पाटी अनेक वर्षं होती. जुलै २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर प्रशासनाने ती काढली, गावाने पुन्हा लावली, पुन्हा काढली गेली, लाठीमार झाला. आज तुम्ही तिथे उभे राहिलात तर काय घ्याल? मी गावात शिरणारा रस्ताच घेतो, साधा, दुपारचा, कुणी म्हैस घेऊन चाललंय असा. पाटीचा चौथरा शोधून त्यावर भिंग रोखण्याचा मोह होतो. तो आवरावा. गावकऱ्याला त्या रस्त्यावर काय नाही हे दिसतं, परक्याला मथळा वाचून दिसतं. दोघांच्या बघण्यातली ही दरी ठेवूनच फोटो उभा राहतो.

ही पद्धत माझी नाही. ब्रिटिश छायाचित्रकार पॉल ग्रॅहम यांनी १९८० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये हे करून ठेवलंय. दुरून बघावं तर हिरवीगार कुरणं, पोस्टकार्डासारखी. नीट बघितलं तर लांब एका झाडाच्या शेंड्याला अडकवलेला ब्रिटिश ध्वज. तिथे तेव्हा बाकीचे सगळे जळक्या गाड्यांचे फोटो काढत होते. तुमच्या मित्रांना 'कोकण का?' असं वाटलं ना? ते तुम्ही अपयश समजू नका. पहिल्या नजरेत कोकण आणि तिसऱ्या नजरेत भलतंच काही, असं साधलं तर तुमचं काम झालं. सध्या तुमच्या फोटोंत पहिली नजर आहे, तिसऱ्या नजरेला पकडायला काही ठेवलेलं नाही.

ओढीचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि इथे मी जरा स्पष्ट बोलतो, रागावू नका. तुमची ओढ जमिनीपेक्षा आजोबांच्या बोलण्याशी जास्त आहे. त्यात कमीपणा काही नाही, सीमाभागातल्या पुण्या-मुंबईत गेलेल्या निम्म्या घरांत हेच आहे. पण ते मान्य केलं नाही तर फोटो गुळगुळीत होतात: धुकं, एकटं झाड, पाठमोरा म्हातारा, संध्याकाळचं केशरी ऊन. हे कुठल्याही गावाबद्दल काढता येतं. ओढ नेहमी एखाद्या नेमक्या ठिकाणाची असते, आणि ते ठिकाण बहुतेक वेळा दिसायला सामान्य असतं.

मी काय करतो ते सांगतो. लोकांना 'तुमच्या गावातली सुंदर जागा दाखवा' असं कधी विचारत नाही. तसं विचारलं की ते धबधब्यावर नेतात. मी विचारतो, तुम्ही कुठे उभं राहून कुणाची वाट बघायचात? शिनोळीकडच्या एका आजींचं माहेर पलीकडे, उचगावच्या बाजूला. या भागात सोयरिकी कायमच हद्दीच्या आरपार होत आल्यात, मुली दिल्या-घेतल्या जातात, बाजारहाटाला अख्खा पूर्व चंदगड बेळगावलाच जातो. त्या मला घरातून निघून काजूच्या बागेच्या कडेला घेऊन गेल्या. तिथून रस्त्याचं एक वळण दिसतं, एवढंच. पंचमीला भाऊ न्यायला यायचा तो त्या वळणावर पहिल्यांदा दिसायचा. सायकलवर असायचा, नंतर लुनावर. मी त्यांच्या खांद्यामागे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरला. त्या ठेंगण्या, त्यामुळे काजूच्या फांद्यांनी वरचा तिसरा भाग झाकला गेला आणि वळण त्यातून थोडंसं दिसलं. मी माझ्या उंचीवरून घेतला असता तर दृश्य मोकळं आलं असतं आणि हातात काही उरलं नसतं. त्यांना फ्रेममध्ये घेतलं नाही. मागाहून छापील प्रत दिली तर त्या म्हणाल्या, "हे असंच दिसतंय." सुंदर आहे असं म्हणाल्या नाहीत.

तेव्हा तुमच्यासाठी सल्ला असा: आजोबा हयात असतील तर त्यांना नकाशावर बोट ठेवायला सांगा. नसतील तर घरात जुना उतारा शोधा. सर्व्हे नंबर मिळाला की कर्नाटकाच्या दिशांक अॅपवर ती जमीन दिसते आणि तुम्ही मोबाइल हातात धरून त्या तुकड्यात जाऊन उभे राहू शकता. महाराष्ट्राच्या बाजूला हेच काम महाभूनकाशा करतं. मोठ्या चित्रासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे बघा: निपाणी-कागल ४७ एल मध्ये येतं, बेळगाव-खानापूर ४८ आय मध्ये. आता ती जमीन दुसऱ्याच्या नावावर असेल, तिथे लेआउट पडला असेल, काहीही असेल. जे आहे ते काढा.

आणखी एक, आणि हे मी प्रत्येक मराठी छायाचित्रकाराला सांगतो. एकाच बाजूची ओढ दाखवलीत तर मालिका पत्रकासारखी वाचली जाईल. तुमच्याच तालुक्यात नंदगड आहे. मराठी बोलणारं गाव, महाजन अहवालानेही महाराष्ट्राला द्यावं म्हटलेलं. आणि तिथेच १८३१ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली, त्याची समाधी आणि वड तिथे आहे. कन्नड माणसासाठी ती तीर्थाची जागा. एकाच माळावर दोन माणसं दोन वेगळ्या कारणांनी हळवी होतात, आणि दोघांचीही कारणं खरी आहेत. किंवा जतच्या पूर्वेला जा, उमदीकडे. महाराष्ट्रातली कन्नड बोलणारी गावं, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा, कोरडं रान, बाभळी, डाळिंबाच्या बागा आणि पाण्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळणं. तिथल्या गावांनी पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो असं जाहीर सांगितलं, ते भाषेवरून कमी आणि पाण्यावरून जास्त. ते रान तुमच्या मालिकेत आलं तर खानापूरच्या हिरव्या फोटोंचा अर्थ बदलतो.

पाण्यावरून आठवलं, तुमच्या तालुक्याचा खरा जिवंत सीमाप्रश्न कणकुंबीला आहे. मलप्रभा तिथे उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. जवळच्याच कळसा नाल्याचं पाणी पश्चिमेला म्हादईतून गोव्याला जातं. ते वळवून मलप्रभेत आणायचा कर्नाटकाचा प्रकल्प, गोव्याचा विरोध, लवादाचा २०१८ चा निवाडा, आणि कोर्टबाजी अजून चालू. तिथला कालव्याचा खोदलेला चर म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मारलेली रेघ. तुम्ही जी शोधत होतात तशी. फक्त ती मराठी-कन्नड नाही, दोन खोऱ्यांमधली आहे. मी तुमच्या जागी असतो तर एक अख्खा पावसाळा तिथे घालवला असता.

आता साधनं. अतिरुंद लेन्स घेऊ नका. ती जवळचं मोठं आणि लांबचं बारीक करते, आभाळ नाटकी करते. आपल्याला लांबची बारीक खूण हवी आहे आणि ती वाचताही यायला हवी. मी फुलफ्रेमवर ५० आणि ८५ मिलिमीटर वापरतो, अडचणीच्या जागी ३५. तिवई, एफ ८ ते ११, आणि मोठी छपाई. ही कामं मोबाइलच्या पडद्यावर मरतात, कारण झाडावरचा झेंडा तिथे दिसतच नाही. निदान सोळा बाय वीस इंच छापून बघा आणि मग ठरवा कुठला फोटो चालतो.

उजेड ढगाळ असलेला बरा. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर-चंदगडला पाऊस इतका असतो की काम होत नाही, पण मधल्या उघडीपीत सावल्या नसतात, हिरवा रंग भडक होत नाही आणि पाटीवरची अक्षरं स्वच्छ येतात. निपाणी-कागलकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुरकट वातावरण, उसाची तोड, ट्रॉल्यांच्या रांगा. रंग सौम्य ठेवा. 'सॅचुरेशन'ची पट्टी उजवीकडे सरकली की ते पर्यटन खात्याचं कॅलेंडर होतं.

ड्रोनबद्दल माझं मत सरळ नाही असं आहे. कायद्याचा भाग आधी: डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा बघितल्याशिवाय उडवू नका. बेळगावात सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि छावणी आहे. तुमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरासुद्धा काढू नका. पण परवानगी मिळाली तरी प्रश्न उरतोच. वरून हद्द आणखी नाहीशी होते, सगळं एकाच गोधडीसारखं दिसतं. आणि तिथून त्या जमिनीकडे कुणीच कधी बघितलेलं नाही, ना आजोबांनी, ना तलाठ्याने.

लोकांशी बोलताना पहिल्याच वाक्यात 'सीमाप्रश्न' हा शब्द काढू नका. मराठी गावात काढलात तर ठरलेलं भाषण ऐकायला मिळतं, कन्नड माणसासमोर काढलात तर तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. मी विचारतो, बाजार कुठला करता? पोरं शाळेला कुठे जातात? दवाखाना कुठला? तीन उत्तरांत सीमा आपोआप येते. पाच-पन्नास कन्नड वाक्यं शिका, निदान 'फोटो काढू का?' एवढं कन्नडमध्ये विचारता यावं. नोव्हेंबरचा पहिला आठवडा आणि बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तो डिसेंबरचा काळ सोडून जा. त्या दिवसांत बंदोबस्तावरच्या पोलिसाला तिवई दिसली की चौकशी होतेच, आणि त्याचंही चुकत नाही. ओळखपत्र आणि छापलेले तीन-चार जुने फोटो जवळ ठेवा. काय करताय हे फोटो दाखवून लवकर पटतं.

मथळ्यांवर फोटोइतकाच वेळ घाला. माझा नियम: गावाचं नाव, तालुका, महिना-वर्ष आणि एक कोरडी वस्तुस्थिती. 'ऑक्टोबर १९५६ पर्यंत ही दोन्ही शेतं एकाच जिल्ह्यात होती' इतकंच. विशेषणं नकोत, 'आक्रोश', 'हुंकार' हे शब्द तर मुळीच नकोत. नावांबाबत मात्र एकदाच ठरवून टाका. मराठी मथळ्यात मी बेळगाव लिहितो, इंग्रजीत २०१४ पासूनचं अधिकृत नाव देतो, आणि प्रदर्शनाच्या पहिल्या पानावर तसं नमूद करतो. नाहीतर लोक फोटो सोडून स्पेलिंगवर भांडतात. फोटोखाली अचूक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टाकू नका, विशेषतः कुणाच्या शेतातला असेल तर. दोन राज्यांत जमीन असलेल्या माणसाला दोन्हीकडच्या साहेबांची मर्जी सांभाळावी लागते.

तर सुरुवात अशी करा: निपाणी, बेळगाव, जत हे सगळं सध्या बाजूला ठेवा. एक गाव, तुमचं स्वतःचं, आणि त्याला लागून असलेली दोन गावं. त्यांच्या शिवेवरून पायी फिरा, वर्षभरात वेगवेगळ्या हंगामांत. शिवेवरचे दगड, म्हसोबा, ओढे यांची जागा नकाशावर टिपून ठेवा. कणकुंबी त्यानंतर जोडता येईल, आणि जमलं तर उमदी. उताऱ्यावर सर्व्हे नंबरपुढे पोटहिस्सा असेल तर तोही लिहून ठेवा. जुन्या जमिनींची फोड झालेली असते आणि दिशांकवर नुसता मूळ नंबर टाकला तर भलताच तुकडा समोर येतो. अशा वेळी तलाठी कार्यालयात जाऊन जुना आणि नवा नंबर ताडून घ्यावा लागतो. जाताना कन्नड वाचता येणारं कुणीतरी सोबत असू द्या.